मुळशीतून मुळशीत

हिंजवडीत सतराव्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला 'तुम्ही मुळशी तालुक्यातले का?' असं विचारलं, तर तो आधी हसतो, मग जरा दुखावतो आणि शेवटी फोन काढून नकाशा बघतो. महसूल खात्याला मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हिंजवडी, माण, मारुंजी ही सगळी गावं मुळशी तालुक्यातली. तहसील कचेरी पौडला. त्यामुळे 'सगळ्यापासून लांब' म्हणून मुळशीच्या धरणाकाठी निघालेलं जोडपं तालुक्याची वेससुद्धा ओलांडत नाही. फार तर तहसीलदाराच्या दारावरून जाऊन येतं.

मुळात हिंजवडीच्या नशिबी संगणक नव्हता, साखर होती. इथे सहकारी साखर कारखाना व्हायचा होता. ऐन वेळी ती जागा आयटी पार्कसाठी घ्यायचं कसं ठरलं, ही हकिकत शरद पवारांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. कारखाना कासारसाईकडे गेला आणि उसाच्या जागी राजीव गांधी इन्फोटेक पार्क उगवला. कारखाना झाला असता, तर आज शिवाजी चौकात उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली असती. रांग आजही लागतेच. फरक इतकाच, की गळीत हंगाम संपल्यावर बैलांना सुटी तरी मिळाली असती.

याच रांगेत या सहलीचा जन्म होतो. भूमकर चौकात गाडी उभी, पुढे लाल दिव्यांची माळ, रेडिओवर पुढे आणखी कुठे कोंडी आहे याची बातमी. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवतोय, ती फोनवर सरकवतेय. तेवढ्यात तिला दिसतं एक त्रिकोणी लाकडी घर, मागे धुकं, पायरीवर दोन इनॅमलचे मग आणि खाली शब्द: ऑफ-ग्रिड. वीज कंपनीची तार नाही, टीव्ही नाही, रेंज नाही. "अरे, इथे काहीच नाहीये," ती हरखून सांगते. "किती घेतात?" तो विचारतो. काहीच नसल्याचे एका रात्रीचे जे पैसे घेतात, ते ऐकून तो गप्प होतो. पण सिग्नल सुटायच्या आत बुकिंग झालेलं असतं. सिग्नल नंतर दोनदा सुटतो. गाडी तिथेच असते.

अशा कॅबिनचा ताबा शनिवारी दुपारी 2 ला मिळतो आणि रविवारी सकाळी 11 ला ती सोडायची असते. ज्याला वीकेंड म्हणतात तो मोजून 21 तासांचा. तयारी मात्र आठवडाभर चालते. दोन पॉवर बँक, चार्जिंगचा दिवा, डासांचं मलम, ब्लूटूथ स्पीकर (शांततेत काहीतरी ऐकायला हवं), नूडल्सची पाकिटं आणि 'लागला तर' म्हणून लॅपटॉप. तो लागतोच.

आता त्या घराविषयी. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत 400 चौरस फूट किंवा त्याहून लहान घराला टायनी हाऊस म्हटलं आहे. हे वाक्य परळ-लालबागच्या माणसासमोर वाचू नये. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. आईवडील, चार मुलं, गावाहून नोकरी शोधायला आलेला चुलता आणि गणपतीत येणारे पाहुणे त्यात मावत आणि संडास गॅलरीच्या टोकाला असे. त्यांना कोणी ही जीवनशैली आहे असं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर निदान भाडेपावतीवर तसं छापून घेतलं असतं.

या टायनी हाऊस चळवळीचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात त्या हेन्री डेव्हिड थोरोची वॉल्डन तळ्याकाठची झोपडी 10 फूट बाय 15 फूट होती, म्हणजे बीडीडीच्या खोलीपेक्षाही 10 चौरस फुटांनी लहान. 1845 साली तिला खर्च आला 28 डॉलर साडेबारा सेंट, आणि साडेबारा सेंटांचाही हिशेब ठेवणारा हा माणूस पुण्यात सहज खपून गेला असता. जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची होती. कॉनकॉर्ड गाव पायी जाण्याच्या टप्प्यात होतं, घरी तो मधूनमधून जेवायलाही जात असे, आणि तळ्याच्या कडेने आगगाडी धावत होती. तालुक्यातल्या तालुक्यात एकांत शोधण्याची परंपरा अशी जुनी आहे.

पण थोरो मुळशीला दुसऱ्याच वाटेने येऊन गेला आहे, तोही या कॅबिनी येण्याच्या कितीतरी आधी. त्याचा कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला होता. पुढे गांधीजींच्या सत्याग्रहाचा रस्ता मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये धरला. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण होणार होतं, खोऱ्यातली गावं आणि भाताची खाचरं बुडणार होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट मावळ्यांना घेऊन उभे राहिले. बापटांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते याच लढ्यात. धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात जगभर मुळशीचं नाव अगदी पहिल्या काहींमध्ये घेतात. लढा हरला. धरण झालं, आणि 1927 पासून इथलं पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर पडू लागलं. वीज मुंबईला गेली. ज्या तळ्याकाठी विजेवाचून राहायचे पैसे मोजायचे, ते तळं विजेसाठीच झालेलं आहे, हे त्या बुकिंगच्या पानावर कुठे लिहिलेलं नसतं. जागाही नसते म्हणा. 'योगा डेक' बराच मोठा असतो.

कॅबिनीत शिरल्यावर पहिला अर्धा तास फोटोंत जातो. दुसऱ्या अर्ध्या तासात ती केस धुते आणि ड्रायर लावते. कुठूनतरी 'टीं' असा लांब आवाज येतो, दिवे जातात, आणि केअरटेकर, म्हणजे काका, पायवाटेने खाली येतात.

"मॅडम, ह्ये मशिन न्हाई चालायचं हितं. मागं एका पाव्हण्यानं इस्त्री लावली व्हती, तवापासनं लायटी बारीक झाल्यात."

इथे त्याच्यातला इंजिनिअर जागा होतो. काकांना सोबत घेऊन तो बॅटरीचं झाकण उघडतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास, म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायला उरले 900. नऊ वॅटचे चार दिवे सहा तास लावले की 216 गेले. पंचाहत्तर वॅटचा पंखा आठ तास फिरवला की 600. झालं, संपला संसार. ड्रायर 1500 वॅटचा. छोटा इन्व्हर्टर तो बघूनच अंग टाकतो. हा सगळा हिशेब तो वहीत मांडतो, रात्रीचं वेळापत्रक करतो, पंखा साडेअकराला बंद असा ठराव मांडतो. सोमवार ते शुक्रवार तो हेच करत असतो, फक्त तिथे सर्व्हर असतात. ती टॉवेलने केस पुसत विचारते, "आपण सुटीवर आलोय ना रे?"

काका या हिशेबाकडे सहानुभूतीने बघतात. त्यांच्या लहानपणी घरात रॉकेलची चिमणी होती आणि तिचं वेळापत्रक एकाच ओळीचं होतं: जेवणं झाली की विझवायची. त्यांच्या स्वतःच्या घरी आता महावितरणचं मीटर आहे, मिक्सर आहे, टीव्हीही आहे. पाहुण्यांच्या कॅबिनीला तार नाही, त्यांच्या घराला आहे. आणि रात्री पॉवर बँक संपली की कॅबिनीतला पाहुणा चार्जर हातात धरून निमूटपणे त्यांच्याच पडवीत येऊन बसतो.

कधीकधी हे काका त्याच जमिनीचे जुने मालक निघतात. जमीन विकल्यानंतर शेतकऱ्याच्या घराचं काय होतं, यावर प्रवीण तरडे यांनी 2018 मध्ये 'मुळशी पॅटर्न' नावाचा चित्रपट काढला. तो या तालुक्याने मन लावून बघितला आणि जमिनीचे व्यवहार पुढे चालू ठेवले. पाहुण्यांना अर्थात काकांचा सातबारा ठाऊक नसतो. "काका, तुम्ही किती लकी आहात, रोज हे बघायला मिळतं," असं ती मनापासून म्हणते. काका समोरच्या पाण्याकडे बघून "व्हय," एवढंच म्हणतात. मुळशीत हा होकार फार मोठ्या अर्थाचा असू शकतो.

न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असतो. जळण घालून, फुंकर मारून पाणी तापवायचं. ती त्याच्यासोबत सेल्फी काढते आणि आईला पाठवते (रेंज मिळाल्यावर). आईचं उत्तर येतं: 'असाच आपल्याकडे होता. तुझ्या बाबांनी मोडीत घातला, त्यात गिझर आला.' पुण्यातल्या कितीतरी घरांनी असे बंब भांडेवाल्याला देऊन टाकले. ते पुन्हा घासूनपुसून शोभेला उभे करण्याचा एक धंदा आता बरा चालतो. स्वच्छतागृह 'कंपोस्टिंग' असतं; काम झालं की डब्यातला लाकडाचा भुसा दोन ओंजळी टाकायचा, अशी सचित्र पाटी भिंतीवर. पाटी वाचून होईपर्यंत माणूस बाहेर येत नाही, आणि बाहेर आलेला माणूस थोडा गंभीर झालेला असतो.

रेंजचं सांगायचं राहिलं. कॅबिनीत रेंज नसते हे खरं, पण प्रत्येक अशा जागेत एक आंबा असतो आणि त्याच्याखाली एक दगड असतो. त्या दगडावर उभं राहून तोंड पौडकडे केलं की फोनवर दोन काड्या येतात. काका हे गुपित पहिल्या तासात फोडतात, कारण नंतर विचारणार हे त्यांना माहीत असतं. शनिवारी रात्री साडेनऊला अमेरिकेत सकाळ असते. ज्याने 'मी दोन दिवस पूर्ण डिस्कनेक्ट आहे' असा निरोप ठेवला आहे, तो माणूस दगडावर एका पायावर उभा राहून "हॅलो, कॅन यू हिअर मी?" असं दरीला विचारत असतो. दरी ऐकत असते. शेजारच्या कॅबिनीतला दुसरा इंजिनिअर खाली रांगेत उभा असतो. दोघं एकमेकांकडे बघून ओशाळं हसतात आणि 'आयटी पार्कची कोणती फेज?' असं विचारतात.

अमेरिकेत 2015 साली निघालेल्या एका कंपनीने आपल्या कॅबिनींत मोबाइल कुलूपबंद करायला पेटीच ठेवली होती. एवढं लांब जायला नको. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो, त्यासरशी गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुलं अभ्यासाला बसतात; साडेआठला दुसरा भोंगा वाजला की मोकळीक. दीड तासाचं शुद्ध डिटॉक्स, फुकट, आणि न ऐकणाऱ्याला शेजारच्या काकूंची नजर. हिंजवडीत असा भोंगा लावला, तर लोक तो फायर ड्रिल समजून जिने उतरतील आणि खाली येऊन फोन बघत उभे राहतील.

जेवण मात्र सगळं वसूल करतं. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, सांगून ठेवली असेल तर गावरान कोंबडी, आणि मावळ-मुळशीचा आंबेमोहर. आंबेमोहराच्या नुसत्या वाफेवर ती दोन घास जास्त जेवते. आहारतज्ज्ञाने भात बंद सांगितलाय ही गोष्ट तेवढ्यापुरती रेंजबाहेर असते. पैसे द्यायची वेळ आली की काकू चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडकडे बोट दाखवतात. त्याचा फोटो काढायचा, आंब्याखाली जायचं, पैसे पाठवायचे, काकूंना हाक मारून विचारायचं, "आले का?" काकूंचा फोन चुलीपाशी असतो. मग काकूही आंब्याखाली येतात. हिंजवडीच्या माणसाच्या खिशात रोख रक्कम नसते, हे आता सगळ्या तालुक्याला कळलेलं आहे.

आठ वाजता अंधार पडून तास झालेला असतो आणि करायला काही उरत नाही. मग दोघं बोलतात. आधी हप्त्यांविषयी, मग स्वयंपाकाच्या बाईंविषयी, मग त्याच्या आईविषयी. सव्वानऊच्या सुमारास दिवाळीपासून अर्धवट राहिलेलं भांडण वर येतं. हिंजवडीत भांडण पुरं होत नाही, कारण मध्ये कोणाचा तरी कॉल येतो. इथे ते तडीला जातं. अडचण पुढेच आहे: रुसून दुसऱ्या खोलीत जायला दुसरी खोली नसते. 160 फुटांच्या चाळीत निदान गॅलरी होती, शेजारीण होती, तिच्याकडे जाऊन नवऱ्याचं सगळं सांगता येत होतं. इथे दार उघडून ती तरातरा बाहेर पडते, आणि काकांचा संध्याकाळचा शब्द तिला आठवतो: "वाघरू येतं कदीमदी, पर कुनाला काय करत न्हाई. कुत्रं न्हेतं फकस्त." ती तितक्याच तरातरा आत येते. समेट होतो. कित्येक समुपदेशकांना जे जमलं नसतं, ते त्या न दिसलेल्या बिबट्याने केलेलं असतं.

झोपायची जागा माळ्यावर, वर जायला उभी शिडी. मावळातल्या घरांत माळ्यावर जळण आणि धान्य ठेवायची पद्धत. आता तिथे पाहुणा ठेवतात. रात्री अडीचला खाली उतरायची वेळ आली की ज्याने सोसायटीच्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरले आहेत, त्यालाही शिडी उलटं उतरताना देव आठवतो. बाहेर रातकिड्यांचा गजर. नर पंखावर पंख घासून हा आवाज काढतो, मादीला बोलावण्यासाठी. एवढी माहिती असली तरी झोप येत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस पावशाही असतो, आणि तो रात्रीबेरात्रीही पेरणीची आठवण करून देतो. सोसायटीतल्या जनरेटरच्या घरघरीत गाढ झोपणाऱ्या जोडप्याला हा निसर्ग फार मोठ्याने वाजतो असं वाटतं. तो कमी कुठून करायचा, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

ऑफ-ग्रिड जोडपी महाराष्ट्राने याआधीही पाहिली आहेत. मेळघाटातल्या बैरागडला दवाखाना चालवायला निघालेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांनी लग्नासाठी मुलीला अटी घातल्या होत्या: महिन्याला 400 रुपयांत संसार करावा लागेल, 40 किलोमीटर चालायची तयारी हवी, लग्न 5 रुपयांत नोंदणी पद्धतीने, आणि वेळ पडली तर दुसऱ्यासाठी भीक मागावी लागेल. या अटी मान्य करून डॉ. स्मिता तिथे गेल्या. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांची चेक-आउटची वेळ काही आली नाही. आपल्या जोडप्याच्या बुकिंगमध्येही अटी असतातच, पण त्या बहुतेक 'रद्द केल्यास पैसे परत नाहीत' या आशयाच्या.

पावसाळ्यात तर या कॅबिनींचे भाव चढतात, म्हणजे नेमके जेव्हा सौर पॅनेलला सूर्य दिसत नाही तेव्हा. इथल्या ताम्हिणी घाटातला पाऊस रीलमध्ये फार देखणा दिसतो. 25 जुलै 2024 ला संपलेल्या 24 तासांत तिथे 556 मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 च्या आसपास पडतो. असल्या पावसात धुकं खिडकीबाहेर राहत नाही, ते आत येऊन गादीत बसतं. टॉवेल वाळत नाही, काडेपेटी पेटत नाही, त्रिकोणी छपरावरून पाणी असं काही कोसळतं की शेजारी झोपलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. 'काही नको, नुसता पाऊस ऐकत पडायचं' हा बेत सुमारे वीस मिनिटं टिकतो. एकविसाव्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, "रस्ता सुरू असेल ना?"

रविवारी अकराला चेक-आउट, आणि इथे हुशारी करून लवकर निघालेली सगळी जोडपी पिरंगुटला एकत्र भेटतात. जाणकार घोटावडे-माण रस्त्याने फेज तीनमध्ये मागच्या दाराने शिरतात. तो जाणकारांचा रस्ता आता इतक्या जाणकारांना माहीत आहे की तिथेही रांग असते. ती पुन्हा फोन काढते. यावेळी तिला झाडावरचं घर दिसतं.

जाणाऱ्यांनी जरूर जावं. तिथला भात, अंधार आणि काका तिन्ही खरे आहेत. खिशात थोडी रोख रक्कम असू द्यावी, ड्रायर घरी ठेवावा, घाटातल्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती आपल्यालाही लागू आहे असं समजावं. आणि मुळशीऐवजी पवना धरणाकाठी तंबूत राहायला जाणाऱ्या वाकडकरांना एक विनंती: रात्रीची ताटं तळ्यात विसळू नका, बाटल्या काठावर टाकू नका. ते पाणी पवना नदीतून खाली येतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या, म्हणजे तुमच्याच, नळाला येतं.